हिवाळे मास्तरांची फुटबॉलची उतरंड

संगमनेरला मिशनच्या शाळेत यशया हिवाळे नावाचे ड्रिलमास्तर होते. उंच, वाळके, आणि नियमाचे इतके पक्के की रस्त्यात म्हैस आडवी आली तरी डावीकडूनच जायचे. त्यांना जगाची माहिती मिळायची ती चुरगळलेल्या कागदांतून. विलायतेहून मिशनला खोकी यायची. त्यांत लोकरीचे स्वेटर असत, जे आमच्या उन्हात कुणी अंगाला लावत नव्हतं, आणि चिनीमातीच्या कपबश्या असत. कपबश्या फुटू नयेत म्हणून तिकडचे जुने पेपर कोंबलेले असत. लोक कपबश्यांवर तुटून पडायचे. मास्तर पेपर घरी न्यायचे, त्यांना इस्त्री करायचे आणि वाचायचे. त्यांच्या पत्नी एलिझाबेथबाई म्हणायच्या, "लगीन झाल्यापासून माझ्या पातळाला इस्त्री लागली नाही, आणि या रद्दीला रोज लागते."

मी कारभारी. स्टँडजवळ माझं सायकलचं दुकान होतं. फुटबॉलचं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण फुटबॉलच्या ब्लॅडरमध्ये हवा भरायला पंप लागतो आणि गावात धड पंप माझ्याकडेच होता, म्हणून मास्तरांनी मला जॉइंट सेक्रेटरी केलं. या जिल्ह्यात माणसं याहून कमी लायकीवर मोठ्या पदाला पोचलेली आहेत, तेव्हा मीही संकोच केला नाही.

त्या पेपरांत मास्तरांना एक तक्ता सापडला आणि त्यांचं डोकं फिरलं. विलायतेत म्हणे फुटबॉलची पहिली डिव्हिजन असते, तिच्याखाली दुसरी, मग तिसरी, मग चौथी. त्याच्याखाली प्रांताप्रांतांच्या लीगा, त्यांच्याखाली जिल्ह्याच्या, आणि अगदी तळाला गावोगावचे खाटकांचे नि पोष्टमनचे संघ. दर वर्षी वरच्या डिव्हिजनमधले शेवटचे खाली येतात आणि खालचे पहिले वर जातात. ज्याच्या पायात दम आहे तो खाटकांचा संघसुद्धा चढत चढत लंडनच्या मैदानावर जाईल, आणि ज्याचा दम संपला तो राजाचा लाडका असला तरी खाली येईल.

"कारभारी, आपल्या देशात काय आहे?" मास्तर माझ्या दुकानात पंक्चरच्या पाण्याच्या घमेल्याशेजारी उकिडवे बसून विचारायचे. "कप आहेत, ढाली आहेत. आज हरला, आज घरी गेला. कलकत्त्याची लीग कलकत्त्यात, मुंबईची मुंबईत. एकीची शिडी दुसरीला लावलेली नाही. सबंध देशाची एक उतरंड पाहिजे. स्वयंपाकघरात असते तशी. मोठं मडकं खाली, त्यावर लहान, त्यावर त्याहून लहान. तळाला हजार गावं, आणि शेंड्याला देशातले मोजके संघ."

"आणि ती रचणार कोण?"

"तळ आपण रचायचा. वरचं दिल्लीवाले बघतील."

दिल्लीवाल्यांना यातलं काही माहीत नव्हतं, हे सांगायला नको. पण मास्तरांचा विश्वास असा की आपण जिल्हा नीट बसवला की पुणे बसेल, पुणे बसलं की महाराष्ट्र बसेल, आणि एक दिवस आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या भातखाचरातला गडी कलकत्त्याच्या मैदानावर उतरेल. आता, आमच्याकडे एक उतरंड आधीपासून होतीच. तिच्यात कुठलं मडकं कुठे बसायचं ते जन्माला येतानाच ठरायचं, आणि कितीही घासलं तरी ते वर जात नसे. मास्तरांच्या आज्याने तिच्यातून उतरून येशूचा हात धरला होता. त्यामुळे खेळून वर जाता येतं अशी उतरंड पाहिल्यावर मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं, यात मला नवल वाटलं नाही. हसू मात्र आलं.

सत्तर साली नगरला जिल्हा लीगची पहिली सभा भरली. जागा काकासाहेबांच्या कापडदुकानाच्या माडीवर. काकासाहेब हे 'विजयश्री क्रीडा मंडळा'चे संस्थापक, अध्यक्ष, आश्रयदाते आणि एकदा पाय मुरगळेपर्यंत गोलकीपर. ते लीगचेही अध्यक्ष झाले, कारण माडी त्यांची होती. मास्तर सेक्रेटरी झाले, कारण काम त्यांना करायचं होतं.

मास्तरांचं म्हणणं, आधी सगळ्यांनी एकमेकांशी खेळावं आणि मग पहिली-दुसरी डिव्हिजन ठरवावी. सभेला हे फार उद्धट वाटलं. खेळून कसं ठरवायचं? माणसाकडे बघून कळत नाही का? मग माणसांकडे बघून ठरलं. ज्यांच्या मंडळाला पत्र्याची का होईना पण पाटी होती, ज्यांचा अध्यक्ष कुठल्या तरी निवडणुकीत निदान पडला होता, ते पहिल्या डिव्हिजनमध्ये गेले. बाकीचे दुसऱ्या. त्यांत आमचा संगमनेरचा, मिशनच्या पोरांचा 'बेथेल इलेव्हन', अकोल्याचा संघ आणि त्यांच्यासारखेच तालुक्यांचे आणखी काही. खर्ड्याचाही एक. खर्ड्यात मराठ्यांनी निजामाला हरवलं, त्यानंतर तिथल्या कुणी काही जिंकल्याचं ऐकिवात नव्हतं, पण पोरं हौशी होती.

त्याच सभेत आणखी एक गोष्ट आपोआप झाली. माडीवर खुर्च्या थोड्या होत्या. पहिल्या डिव्हिजनचे लोक खुर्च्यांवर बसले, दुसरीचे सतरंजीवर. कुणी ठराव केला नव्हता. पण पुढे लीगचे बाकी सगळे नियम मोडले गेले, हा एक कधीच मोडला नाही.

पहिल्या वर्षी बेथेलने दुसऱ्या डिव्हिजनमध्ये सगळ्यांची धूळधाण केली. कॅप्टन सत्यवान म्हणजे दूध डेअरीत कॅन उचलणारा गडी. त्याच्या अंगावर जायला बैलसुद्धा दचकला असता. बेथेल पहिला आला. आणि वर, पहिल्या डिव्हिजनमध्ये, शेवटचा आला खुद्द काकासाहेबांचा विजयश्री. त्यांच्या खेळाडूंना गणवेश फार सुंदर होता, आणि तो मळू नये याची ते पूर्ण काळजी घेत.

सभेत मास्तर उठले आणि नियम वाचू लागले. पहिला वर जाईल, शेवटचा खाली येईल. काकासाहेबांनी पानाचा तोबरा सावकाश एका गालातून दुसऱ्या गालात नेला.

"मास्तर, जत्रंत मानाच्या काठ्या असत्यात," ते म्हणाले. "पयली कुनाची, दुसरी कुनाची, समदं आज्यापंज्यापासनं ठरल्यालं. आता एखादा गडी लई जोरात पळत आला, म्हनून त्याची काठी आदी कळसाला लागती का?"

"काकासाहेब, ही जत्रा नाही. लीग आहे."

"मानसं तीच हायेत की."

विलायतेच्या पेपरात जत्रेचं काही आलं नव्हतं. मग काकासाहेबांनीच मोठ्या मनाने तोड काढली. बेथेलनं वर यावं, आनंद आहे. पण कुणाला खाली ओढून त्याचा अपमान करू नये. वर जागा भरपूर आहे. टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात टाळ्या सत्यवानाने वाजवल्या, कारण तो त्या दिवशी सतरंजीवरून खुर्चीवर गेला.

संगमनेरला परत आल्यावर आमच्याकडे मटणाचं जेवण झालं, मंडळींनी पेटी-तबला काढला. मास्तर मात्र हाडूक हातात धरून विचार करत बसले होते. "कारभारी," ते मला म्हणाले, "सगळेच वर आले तर वरचं मडकं फुटेल." मी त्यांना रस्सा वाढला.

मडकं फुटायला वर्षही लागलं नाही. पुढच्या हंगामात अकोल्याचा संघ सगळ्यांना भारी पडला. त्यांचा म्होरक्या गोरक्षनाथ भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाचा. हे लोक भाताची कापणी उरकून जीपच्या टपावर बसून यायचे आणि अनवाणी खेळायचे. बूट घातलेल्या माणसाला अनवाणी माणसाची भीती वाटावी, असं मी तेव्हाच पाहिलं. मध्ये पाकिस्तानशी लढाई झाली, दिव्यांना काळे कागद लागले, लीग थांबली, पुन्हा सुरू झाली, तरी अकोलेकरांचा जोर उतरला नाही. ते दुसऱ्या डिव्हिजनमध्ये पहिले आले.

सभेत पहिल्या डिव्हिजनने सांगितलं, आता वर जागा नाही.

"मागच्या वर्षी भरपूर होती," मास्तर म्हणाले.

"बेथेल आला न्हवं, तिथं भरली," काकासाहेब म्हणाले, आणि सगळ्यांनी सत्यवानाकडे पाहिलं. सत्यवान खुर्चीत जरा ऐसपैस बसला होता.

खाली रस्त्यावर गोरक्षनाथ जीपची वाट बघत उभा होता. भांडण नाही, तंडण नाही. मास्तर त्याच्यापाशी गेले, आणि तिथे त्यांनी तो शब्द दिला. पुढच्या वर्षी तुम्ही पहिले या. जो शेवटचा येईल तो उतरेल. आणि बाकी कुणी उतरायला तयार झालं नाही, तर बेथेल उतरेल. यशया हिवाळ्याचा शब्द आहे.

"मास्तर, तुमी म्हनता तर व्हईल," गोरक्षनाथ म्हणाला.

मी पंपवाला माणूस, पण एवढं मलाही कळत होतं की मास्तरांनी हा शब्द फार स्वस्तात दिला. बेथेल शेवटचा येईल असं त्यांना स्वप्नातही वाटत नव्हतं. माणसाला त्याग करायची वेळ येणार नाही याची खात्री असली, की तो फार सढळ हाताने शब्द देतो.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. मैदानं अशी तापली की चेंडू टप्पा घेऊन दिसेनासा व्हायचा. बेथेलची निम्मी पोरं खडी फोडायच्या कामावर. दिवसभर हातोडा मारून आलेला माणूस संध्याकाळी चेंडूला लाथ मारेल तरी कशी? सेंटर फॉरवर्डचं लग्न झालं, तो त्या कारणाने गैरहजर. बेथेल हरत गेला, हरत गेला, आणि शेवटचा आला. विजयश्री त्याच्या एकच पायरी वर, एका गोलाने वाचला. तो गोल विजयश्रीने मारला नव्हता, समोरच्या बॅकच्या गुडघ्याला लागून आपसूक गेला होता. दुसऱ्या डिव्हिजनमध्ये अकोले पुन्हा पहिले.

मास्तरांनी बेथेलच्या पोरांना आपल्या अंगणात बोलावलं. उभे राहून, हात मागे बांधून, ड्रिलच्या आवाजात सांगितलं, की नियमाप्रमाणे आपण खाली चाललो आहोत आणि अकोले वर. आपण हे आनंदाने करू, म्हणजे जिल्ह्यापुढे उदाहरण राहील.

पोरं एकमेकांकडे बघू लागली. सत्यवान उठला.

"मास्तर, काकासाहेब शेवटचे आले हुते, तवा त्ये उतरले?"

"नाही. म्हणूनच आपण..."

"मंग आमीच का? उदाहरन द्यायला दर खेपेला आमीच का घावतो?" त्याचा आवाज चढला. "आमच्या आज्यानं जमिनीवर बसून काढली, बापानं काढली. मी दोन वर्सं झाली खुर्चीवर बसतोय. त्या खुर्चीवर बसल्यावर काकासाहेब मला 'या सत्यवानराव' म्हनतो. आन तिथनं मला कोन उतरवतंय? काकासाहेब न्हाई. माझाच मास्तर!"

खरं सांगतो, त्या घडीला मला सत्यवानाचं पटलं. आणि पटलं म्हणून मास्तरांचा रागही आला. उतरायची पहिली पाळी या पोरांनीच का घ्यावी, याचा विचार या सज्जन माणसाने एका क्षणासाठीही केला नव्हता. एलिझाबेथबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी तर स्पष्टच सांगितलं. "शब्द तुम्ही दिला, आणि उतरायचं पोरांनी. बरं आहे तुमचं."

मास्तरांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "तुझं खरं आहे, सत्यवान. पण मग अकोल्याच्यांनी बसायचं कुठे?"

"त्ये त्यांचं त्ये बगतील," सत्यवान म्हणाला.

दुसऱ्याच आठवड्यात बेथेलने मास्तरांना मंडळातून मोकळं केलं आणि जिल्ह्याच्या सभेला आपला माणूस म्हणून सत्यवानाला पाठवलं.

त्या सभेला जाताना आम्ही एसटीत शेजारी शेजारी बसलो होतो. मास्तर एकदाच बोलले. "कारभारी, एक संघ. फक्त एक संघ एकदा नियमाने खाली आला आणि एक वर गेला, तर बाकीचं आपोआप होईल. आज अकोले वर गेलंच पाहिजे. मी त्या माणसाच्या डोळ्यांत बघून सांगितलंय." बाहेर जनावरांचे सांगाडे दिसत होते, आणि या माणसाला चिंता कसली, तर डिव्हिजनची. मला हसावं की त्यांच्या खांद्यावर हात ठेवावा, कळेना. मी दोन्हींतलं एकही केलं नाही.

माडीवर काकासाहेबांनी सत्यवानाला आपल्या शेजारची खुर्ची दिली होती. चहा आला तो सत्यवानाला कपबशीत, सतरंजीवरच्यांना पेल्यात. मास्तर सेक्रेटरी म्हणून टेबलाशी. गोरक्षनाथ सतरंजीवर, मांडी घालून, पटका नीट बांधून. आज वर जायचं म्हणून त्याने नवी बंडी घातली होती.

मास्तरांनी नियम वाचला. अकोले वर, बेथेल खाली. काकासाहेबांनी सत्यवानाला विचारलं, "काय सत्यवानराव, बेथेलचं काय म्हननं?"

"बेथेल उतरनार न्हाई," सत्यवान म्हणाला. "ही पद्धत आपल्यात न्हाई. मानाच्या काठ्या हायेत, जिथं हायेत तिथं राहाव्यात."

काकासाहेबांचेच शब्द, त्याच्या तोंडून. काकासाहेबांना इतका आनंद झाला की त्यांनी सत्यवानाच्या पाठीवर थाप मारली. मतं घेतली गेली. मत फक्त पहिल्या डिव्हिजनला, कारण सतरंजीवरून मत द्यायची सोय कुणी केली नव्हती. झाडून सगळे हात वर गेले. पुढे पुष्कळ वर्षांनी मला कळलं, की विलायतेतसुद्धा तेव्हा चौथ्या डिव्हिजनच्या तळाशी असंच मतदान व्हायचं आणि बहुतेक वेळा आतले आतच राहायचे. हा मजकूर मास्तरांच्या पेपरात आला नसावा, किंवा आला असेल त्या पानात दुसऱ्याची कपबशी आली असेल.

मास्तर गोरक्षनाथाकडे वळले. "गोरक्षनाथ, मी शब्द दिला होता. तो मला पाळता आला नाही. तुम्ही मला काय वाटेल ते बोला."

मला वाटलं, आता हा गडी उठेल आणि एकेकाला माडीवरून खाली फेकेल. त्याच्या अंगात तेवढी ताकद होती. आणि खरं तर माझी तीच इच्छा होती. मी पंप घेऊन त्याच्या बाजूने उभा राहिलो असतो. मास्तरांचीही तीच इच्छा असावी. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

गोरक्षनाथ उठला. त्याने बंडी खाली ओढून सारखी केली आणि काकासाहेबांना रामराम घातला.

"आमी वर येत न्हाई," तो म्हणाला. "तुमची अडचन हाय, आमाला कळतंय. पर आमी दोन वर्सं पयले आलो, आन आमच्यात आन शेवटच्यात काय फरक ऱ्हायला? समदे एकाच सतरंजीवर. आमाला वर घेऊ नका. पर आमच्या खाली येक तिसरी डिव्हिजन काढा. कोनतरी आमच्या खाली पायजे."

मग काकासाहेब उठून उभे राहिले. अशी समंजस सूचना या माडीवर आजवर आली नव्हती, असं ते म्हणाले. सत्यवानाने अनुमोदन दिलं. मास्तरांनी जे मागितलं होतं ते आज जिल्ह्याने दिलं, वर पहिली, मध्ये दुसरी, खाली तिसरी, असं म्हणून काकासाहेबांनी मास्तरांच्या गळ्यात घालायला हार मागवला. गोरक्षनाथाला लोकांनी सतरंजीच्या पुढच्या कडेला, खुर्च्यांच्या पायांशी, जागा करून दिली. तो तिथे बसला. खूश दिसत होता.

मग तिसऱ्या डिव्हिजनमध्ये कुणाला घालायचं याची चर्चा सुरू झाली. जो तो आपल्या शेजाऱ्याचं नाव सुचवत होता आणि शेजारी त्याच्या अंगावर जात होता. शेवटी खर्ड्याचं नाव निघालं आणि सगळी सभा एकदम शांत, एकदम एकदिल झाली. खर्डा जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, त्यांची एसटी चुकली होती, त्यांचा माणूस आलाच नव्हता.

मास्तर टेबलाला धरून उभे राहिले. गळ्यात हार होता. "अहो, पण खर्ड्याला कुणी विचारलंय का?" ते ओरडले. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज चिरकलेला मी पहिल्यांदा ऐकला.

काकासाहेब पानाला चुना लावत होते. सत्यवान बशीत चहा ओतत होता. उत्तर सतरंजीच्या पुढच्या कडेवरून आलं. गोरक्षनाथाच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. मास्तरांनी उगाच जीवाला लावून घेऊ नये म्हणून तो समजावून सांगत होता.

"मास्तर, आमाला तरी कवा कुनी इचारलं हुतं?"

मास्तर खाली बसले. खर्डा एकमताने तिसऱ्या डिव्हिजनमध्ये गेला.